दुसरा मजला: वाचन नाही

“मग?” असा आवाज बाथरूमच्या खिडकीतून आला तेव्हा माझ्या अंगाला साबण होता आणि माझी बायको एक पाय लिफ्टच्या आत, एक पाय बाहेर अशी अर्ध्या वाक्यात उभी होती. बायकोला जाऊन दीड वर्ष झालं होतं, तेव्हा ती उभी होती ती वहीत. वही खिडकीच्या कठड्यावर टेकवून, प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून, मी अंग घासता घासता मोठ्यानं वाचत होतो. ही माझी रोजची पद्धत. काल लिहिलेलं आज आंघोळीत वाचायचं. बाथरूममध्ये माझा आवाज मला तीस वर्षांनी तरुण वाटतो, आणि तिथं आरसा नसल्यामुळे त्याला हरकत घ्यायला कुणी नसतं. वाचता वाचता मी थांबलो, कारण पुढचं वाक्य मलाच पटत नव्हतं, आणि त्या थांबण्यात कुणीतरी अगदी कानाशी म्हणालं, “मग?” बाईचा आवाज की पुरुषाचा, वरून की खालून, काही कळलं नाही. मी असा दचकलो की स्टूल घसरलं, कोपर कठड्याला लागलं आणि वही बादलीत गेली. आता बादलीतून वही काढायला असा किती वेळ लागतो? पण माझ्या डोळ्यांत साबण, चष्मा दचकताना कुठंतरी उडालेला, आणि मी बराच वेळ शेजारच्या टबात भिजत घातलेल्या पँटच्या खिशात वही शोधत होतो. शेवटी ती हाताला लागली तेव्हा झोपलेल्या मांजरासारखी मऊ झाली होती. मी शाईच्या पेनानं लिहितो. बॉलपेननं लिहिलं की मला पोलिसांत जबाब दिल्यासारखं वाटतं. चष्मा लावून पाहिलं तर एकशे बारा पानांवर ढग उतरले होते आणि बादलीतलं पाणी निळं झालं होतं. छान निळं. एरवी मी त्या रंगाचं कौतुक केलं असतं.

पानं मी चिमटे लावून दोरीवर वाळत घातली. नंतर धीर धरवेना म्हणून इस्त्री फिरवली, तर उरलीसुरली अक्षरं इस्त्रीखालच्या फडक्यावर उमटून गेली, तीही उलटी. फडकं आरशासमोर धरल्यावर त्यातला एकच शब्द नीट लागला: ‘तरीपण’. एकशे बारा पानांतून हाती आलं ते ‘तरीपण’. पाणी मात्र मला ओतवेना. हसायचं असेल तर हसा, पण त्या पाण्यात माझ्या बायकोचा हिरवा स्वेटर होता, त्याच्या कोपरावरचं ठिगळ होतं, चष्म्याच्या काचा घासून घासून खरखरीत झालेली तिची बोटं होती, आणि मी ज्याच्यावर सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती ते तिचं ‘हं’ होतं. मी बादलीवर ताट झाकलं आणि ती कोपऱ्यात सरकवली. लोकांना वाटेल, म्हाताऱ्याला सगळं तोंडपाठ असेल. लोकांचं काय जातं. मी जन्मात एक गोष्ट दोनदा सारखी सांगितलेली नाही. सांगायचं काम माझं आणि लक्षात ठेवायचं तिचं, अशी आमच्या घरात वाटणी होती. “मंगळवारी त्या मामाला मिशी होती,” ती भाजी चिरता चिरता म्हणायची. “कापली त्यानं,” मी म्हणायचो. “कधी?” “बुधवारी सकाळी.” “हं,” ती म्हणायची, आणि ते ‘हं’ असं असायचं की मला मुकाट्यानं मामाला मिशी परत लावावी लागायची. खोटं बोला, पण नीट बोला, एवढीच तिची अट. ती गेल्यावर माझ्या खोट्याला शिस्त राहिली नाही. मी वही लिहायला घेतली ती त्यासाठीच, की निदान तिच्याबाबतीत तरी मला माझ्या डोक्यावर अवलंबून राहायला लागू नये. डोकं कसलं, सकाळी ठेवलेली गोष्ट संध्याकाळी तिथं सापडत नाही. आणि मला भीती अशी वाटायची की एक दिवस तीच सापडणार नाही.

खोटं मी धंद्यात शिकलो. बेचाळीस वर्षं मी लिफ्टा दुरुस्त केल्या, आणि राहायला जागा मिळाली ती चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट अडकली तर ती सुरू करणं सोपं असतं. अवघड असतात आतली माणसं. काळोखात, दोन मजल्यांच्या मध्ये, माणसाला स्वतःच्या श्वासाचाही आवाज नकोसा होतो. वर मशीनपाशी माझा जोडीदार हातानं चाक फिरवत असायचा आणि मी दाराच्या फटीला तोंड लावून बोलत राहायचो. “घाबरू नका, मी आहे,” हे माझं पहिलं वाक्य. ते खरं. दुसरं वाक्य हमखास खोटं. एका दातांच्या डॉक्टरला मी पटवलं होतं की लिफ्टच्या दुसऱ्या टोकाला वजन म्हणून एका पडलेल्या पुतळ्याचा पाय बांधलेला आहे. सुटका झाल्यावर तो घरी न जाता पाय बघायला गच्चीवर गेला. पण माझी ठेवणीतली गोष्ट म्हणजे नसलेल्या मजल्याची. सहा मजल्यांची इमारत, आणि एका दुपारी तिची लिफ्ट सातव्या मजल्यावर जाऊन थांबते. दार उघडतं. नुकत्याच पुसलेल्या फरशीचा वास, लांबलचक बोळ, आणि दोन्ही बाजूंना ओळीनं मांडलेल्या जगातल्या सगळ्या हरवलेल्या वस्तू: छत्र्या, किल्ल्या, एकेकटे मोजे. ही गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली ती चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या एका मुलीला. ती चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली होती आणि रडत नव्हती, म्हणून मला जास्त काळजी वाटली. मी बोलत होतो आणि आतून मधूनमधून ‘हं’ येत होतं. तोवर मला कुणी ‘हं’ म्हटलं नव्हतं. लोक ‘जरा लवकर करा’ म्हणायचे. जोडीदारानं दहा मिनिटांत काम उरकलं आणि वरून शीळ घातली. मी हातानंच त्याला गप्प केलं आणि आणखी पाऊण तास बोललो. पुढे लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर एकदा उशीचा अभ्रा शिवताना ती सहज म्हणाली, “ती लिफ्ट दहा मिनिटांतच सुरू झाली होती.” मी म्हटलं, “तुला कसं कळलं?” “आतला पंखा लागला ना. दिवाही आला.” “मग बटण का नाही दाबलंस?” तिनं दातानं दोरा तोडला. “गोष्ट कुठं संपली होती?” त्यानंतर घरात काहीही हरवलं की आम्ही सातव्या मजल्यावर गेलं म्हणायचो. मुलीनं एकदा शाळेत गृहपाठाची वही सातव्या मजल्यावर असल्याचं सांगितलं, तेव्हा तिच्या बाईंनी मला बोलावून घेतलं होतं, आणि मी बाईंनाही ती गोष्ट सांगून आलो होतो.

वही बुडाल्याचं मी त्याच मुलीला फोनवर सांगितलं. ती दूर असते, तिच्याकडे उजाडतं तेव्हा माझ्याकडे जेवणं झालेली असतात. “बाबा, तुम्हाला माणसं हवीत,” ती म्हणाली. “लिहिणारी माणसं. त्या मंडळात परत जा ना.” त्या मंडळात मी चारदा गेलो होतो. वाचनालयाच्या मागच्या खोलीत गोल मांडलेल्या खुर्च्या, प्रत्येकाच्या मांडीवर फाइल, आणि फाइलवर घट्ट दाबलेले दोन्ही हात, जणू आतून काही पळून जाईल. एक जण वाचायचा आणि बाकीचे आपली पाळी येईपर्यंत ऐकत असल्याचा चेहरा सांभाळायचे. तो सांभाळायला किती त्रास पडतो ते त्यांच्या जबड्यांवरून दिसायचं. वाचून झालं की सगळे “छान” म्हणायचे. मला ते ‘छान’ लिफ्ट बंद असल्याच्या पाटीसारखं वाटायचं: इथून पुढे जाता येणार नाही, कृपया जिना वापरा. अध्यक्षांनी मला विचारलं की तुमचा सातवा मजला हे नेमकं कशाचं प्रतीक आहे. मी म्हटलं, मजल्याचं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. वाईट नव्हते बिचारे. अडकलेलेच होते सगळे, फक्त जो तो आपापल्या लिफ्टमध्ये. पाचव्यांदा मी गेलो नाही आणि कुणी चौकशी केली नाही; मीही त्यांच्यातल्या कुणाची केली नाही, हे सांगून टाकतो, नाहीतर सगळा दोष त्यांच्यावर जाईल.

तीन दिवस मी मुक्यानं आंघोळ केली. मुकी आंघोळ फार लवकर संपते. चौथ्या दिवशी पाठीवर पहिला तांब्या घेतो तोच खिडकीतून, खालून, हाक आली. “काका, आज पण काही नाही का?” आमच्या इमारतीच्या चारही मजल्यांची न्हाणीघरं एका उभ्या पोकळीत उघडतात. डक्ट म्हणतात तिला. तिच्यात नळांचे पाइप, वर आभाळाचा एक चौकोन, आणि कायम कुणाच्या तरी साबणाचा वास. मी हयातभर अशा पोकळ्यांत काम केलं, आवाज त्यातून कसा चढतो ते मला ठाऊक, आणि तरी माझ्या एकदाही डोक्यात आलं नाही की माझाही आवाज आवाजच आहे. हाक पहिल्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईची होती. “तीन दिवस कपडे भिजवून बसतेय मी,” ती म्हणाली. “नवरा म्हणतो, एवढं काय धुतेस रोज.”

“तुम्ही चोरून ऐकता?” मी टॉवेल ओढत म्हटलं.

“चोरून? तुम्ही बोंबलता, काका.”

“सभ्य भाषेत सांगायचं तर,” वरून आवाज आला, “आवाज पोहोचतो.” हे तिसऱ्या मजल्यावरचे गणिताचे निवृत्त मास्तर. गच्चीवरच्या टाकीच्या झाकणावरून आमचं अकरा वर्षं बोलणं बंद होतं. “बाईंचा एक पाय लिफ्टमध्ये, आणि तुम्ही चार दिवस गप्प. हे काही बरं नाही. त्यांच्या पायाला रग लागली असेल.”

“त्या दिवशी ‘मग?’ कोण म्हणालं?” मी विचारलं.

“मी नाही बाई,” खालून.

“मी प्रश्न पूर्ण वाक्यात विचारतो,” वरून.

त्याच्याही वर, चौथ्या मजल्यावर, बादली दाणकन खाली ठेवल्याचा आवाज झाला. तिथं एक नर्स राहते. रात्रपाळी करून येते आणि दहाच्या सुमाराला आंघोळीला जाते. माझं वाचन सुरू झालं की रोज ती अशी बादली आपटते. तिला माझा त्रास होतो हे मी केव्हाच ओळखलं होतं, आणि तिला आणखी व्हावा म्हणून कधीकधी एखादं पान जास्त वाचायचो.

“वही बुडाली,” मी म्हटलं. “बादलीत. सगळी.” हे शब्द वर गेले, खाली गेले, आणि पोकळीत काही वेळ नुसतं पाइपातलं पाणी वाजत राहिलं. मग खालून शिवणवाली हळूच म्हणाली, “अगं बाई. मग आता त्यांचं काय होणार?” वहीचं नव्हे. त्यांचं. मी एवढी वर्षं माणसांना फटीतून धीर देत आलो, मला फटीतून कुणी काही दिलं नव्हतं, आणि अशा वेळी काय करतात ते मला माहीत नव्हतं. मी तोंडावर थंड पाणी मारलं. आंघोळीत एक बरं असतं, चेहरा ओला का आहे ते कुणी विचारत नाही. “स्वेटरचं ठिगळ डाव्या कोपराला होतं,” खालून पुन्हा आवाज आला. “डाव्याच. तुम्ही एकदा उजवं म्हणालात, पण काचा घासताना बाईंचा डावा कोपर टेबलावर घासायचा असंही तुम्हीच म्हणालात. मी त्याच दिवशी मनात दुरुस्त केलं.” मी तांब्या खाली ठेवला. कुणीतरी मामाची मिशी लक्षात ठेवली होती.

त्यानंतरचे पंधरा दिवस आमच्या डक्टमध्ये जे चाललं ते मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं असतं तर म्हटलं असतं, काय थापा मारतोय. रोज दहाला खिडक्या उघडायच्या आणि बुडालेल्या वहीतलं ज्याला जे आठवेल ते तो लिहून काढायचा. शिवणवाली कपडे बेतायच्या खाकी कागदावर लिहायची. तिचा मजकूर कागदाच्या आकाराप्रमाणे बाहीसारखा वळत जायचा, काखेशी येऊन संपायचा. मास्तर रेघांच्या कागदावर क्रमांक घालून लिहायचे. ‘प्रसंग ४. बाईंच्या हुंकाराचे प्रकार अकरा असल्याचे आपण सांगितले. प्रत्यक्षात सहाच वाचले. उरलेले पाच सादर करावेत.’ ते पाच मी सादर केले, खिडकीशी उभा राहून, एकेक करून: संशयाचं, झोपेतलं, दळण आणायला विसरलेल्या नवऱ्यासाठीचं, खरंच आवडल्याचं, आणि आवडलं पण कबूल करायचं नाही त्याचं. ते नीट जमलेत का म्हणून शिवणवालीनं म्हणून पाहिले, मास्तरांनी म्हणून पाहिले, आणि एका सकाळी चांगली दहा मिनिटं आमच्या इमारतीच्या पोटातून नुसतं ‘हं, हं’ येत होतं. शिवणवालीचं शेवटचं ‘हं’ असं आलं की मी नळ धरून उभा राहिलो. “बरोबर आलं का, काका?” तिनं विचारलं. “जरा लांबलं,” मी म्हटलं. खोटं होतं ते.

कागद वरखाली न्यायला जिने चढणं मला जमेना, म्हणून मी डक्टमध्ये लिफ्ट बसवली. हसू नका, रीतसर लिफ्ट. पडद्याची जुनी कप्पी गच्चीच्या कठड्याला, कपड्यांची दोरी, साबण ठेवायची प्लॅस्टिकची टोपली, दुसऱ्या टोकाला वजनासाठी वाळूनं भरलेली बाटली, आणि प्रत्येक खिडकीशी एक सायकलची घंटी. टोपलीवर मी पाटीही लावली: ‘क्षमता पंधरा पाने किंवा एक लिंबू.’ मास्तर म्हणाले, लिंबाचं वजन दिलेलं नाही. मी म्हटलं, मध्यम. अकरा वर्षांनी आम्ही बोलत होतो ते लिंबाच्या वजनावर, आणि टाकीच्या झाकणाची आठवण दोघांनाही होत होती, पण ती गुमान गच्चीवर राहिली. कागद मात्र मला पचायला जड गेले. शिवणवालीचा नळ चालू असताना माझी जी वाक्यं वाहून गेली होती तिथं तिनं आपली घातली होती, आणि त्यांत माझी बायको भलतीच उलट बोलत होती. “ती असं बोलायची नाही,” मी खिडकीतून ओरडलो. “बोलायची! तुम्ही वाचलंत तसं. तुम्ही तिला ‘तुझ्यासाठी चंद्र आणला असता’ म्हणालात, तर ती म्हणाली ‘आधी दळण आणा’.” मी हे लिहिलं होतं का? की ती खरंच म्हणाली होती आणि मी विसरलो होतो, आणि ते आता खालच्या मजल्यावरून परत येत होतं? त्या दुपारी मी तो वळलेला खाकी कागद घेऊन बराच वेळ बसलो. माझ्या गोष्टीतली बायको मला हसायची. खाकी कागदावरची मला जाग्यावर आणत होती. आणि दोघींत खरी कुठली ते विचारायला जी होती ती नव्हती.

भांडण झालं ते शेवटावरून. शिवणवाली म्हणाली, शेवटी बाई आपल्या बहिणीकडे गेल्या आणि बहिणीनं त्यांना ठेवून घेतलं. मास्तर म्हणाले, साफ चूक, बाई बऱ्या झाल्या आणि पुन्हा काचा घासायला लागल्या, माझ्याकडे तारखेसहित नोंद आहे. “अहो, मी कानांनी ऐकलं!” “मीही कानांनीच ऐकतो.” “मग काका, तुम्हीच सांगा आता.” मी पाठीला साबण लावत होतो तो लावतच राहिलो. शेवट मी दर आठवड्याला वेगळा लिहायचो. एकात ती बहिणीकडे होती, एकात बरी होती, एकात ती लिफ्टनं सातव्या मजल्यावर उतरली आणि तिला तिथं तिचं हरवलेलं अंगठीचं बोट सापडलं, म्हणजे बोटातली अंगठी. बघा, अजून घोटाळा होतो. चौथा तर मला सांगायचीही लाज वाटते. “लेखकाला तेवढी मोकळीक असते,” मी म्हटलं. “असते,” मास्तर वरून म्हणाले, “पण उत्तर एकच असतं.” एवढ्यात चौथ्या मजल्यावरची घंटी वाजली. पहिल्यांदाच. “दुसरा मजला,” नर्सबाई म्हणाल्या. आवाज कोरडा, पेशंटला खाटेच्या नंबरानं हाक मारावी तसा. “माझा कागद टोपलीत ठेवलाय. घ्या.”

मी दोरी ओढली. टोपली हलली, खाली आली, आणि चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये पाइपाच्या कोपरात जाऊन अडकली. मी ओढलं, सैल सोडलं, पुन्हा ओढलं. मी खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहिलं. आभाळाच्या चौकोनात ती एवढीशी टोपली जराशी वाकडी होऊन लटकत होती, आणि तिच्यातून कागदाचा एक कोपरा बाहेर डोकावत होता, आणि माझ्या तोंडून, बेचाळीस वर्षांची सवय, आपोआप बाहेर पडलं, “घाबरू नका, मी आहे.” खाली शिवणवाली खुदकन हसली. मग तिचं हसणं अर्ध्यात थांबलं, कारण मी पुढे बोलत नव्हतो. पुढचं, दुसरं वाक्य नेहमी खोटं असतं. ते जिभेवर आलं होतं, चांगलं होतं, मऊसूत, आणि मला ते बाहेर काढता येईना. मी तसाच मान बाहेर काढून उभा राहिलो, ओला, एका साबणाच्या टोपलीकडे बघत. खाली नळ बंद झाला. वर मास्तरांचा बंद झाला. सगळ्यांत शेवटी चौथ्या मजल्यावरचा. पाइपातलं पाणी खाली जात जात एकदा गुळगुळलं आणि थांबलं. या इमारतीत मी एवढी वर्षं राहतो, असं शांत मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

“ती दुपारी गेली,” मी म्हटलं. “हॉस्पिटलात. मी तिथं नव्हतो.” डक्ट माझा आवाज वर नेत होती, खाली नेत होती, मला काही करावं लागत नव्हतं. “ती म्हणाली, चहा पिऊन या, तोंड सुकलंय तुमचं. मी खाली आलो तर लिफ्ट अडकलेली, दोन मजल्यांच्या मध्ये. आत पाच-सहा माणसं. एक बाई ओरडत होती. आता मी काय, जाऊन फटीला तोंड लावलं. घाबरू नका, मी आहे. सातव्या मजल्याची गोष्ट सुरू केली. बाई गप्प झाली. सगळे गप्प झाले. दुरुस्तीवाला आला, त्यानं दहा मिनिटांत लिफ्ट खाली आणली, दार उघडलं. आणि कुणी बाहेर येईना. दार सताड उघडं, आणि ती माणसं आत उभी राहून ऐकतायत. दुरुस्तीवालाही ऐकतोय. कित्येक वर्षांत मी एवढं चांगलं सांगितलं नव्हतं. मला... मला इतकं बरं वाटत होतं. मी छत्र्यांची रांग वाढवली. मोज्यांवर एक नवीनच प्रकरण रचलं. अर्धा तास. वर गेलो तेव्हा तिच्या तोंडावरून चादर ओढत होते.” मला वाटलं झालं, पण आणखी होतं. “जिना चढताना मी ठरवत होतो की हे तिला कसं सांगायचं. मोजे वाढवून सांगायचे की आहेत तेवढेच.”

आभाळाच्या चौकोनातून एक ढग जात होता तो जाऊन संपला. मग खालून, नाक ओढत, शिवणवाली म्हणाली, “लिफ्टमधल्यांना शेवट कळला का?”

“कळला.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “नाहीतर तेही राहिलं असतं.”

मास्तरांनी घसा साफ केला. पूर्ण वाक्य जमलं नसावं.

“किती वाजता गेल्या?” वरून नर्सबाईंनी विचारलं.

“तीन चाळीस.”

“चहाला त्यांनीच पाठवलं होतं?”

“हो.”

“मी सव्वीस वर्षं बघतेय,” त्या म्हणाल्या. “जवळचं माणूस उशाशी बसलं की काहींना निघता येत नाही. मग त्याला काहीतरी आणायला पाठवतात. चहा, मोसंबी, नेलकटर. एका आजोबांनी बायकोला बाहेर चप्पल सरळ करायला पाठवलं होतं.”

“हे खरं आहे की माझ्यासाठी सांगताय?”

“थापा मारायचं काम तुमचं, दुसरा मजला. माझं नाही.” आणि लांब झाडूच्या दांड्यानं त्यांनी पाइपाच्या कोपरात असा दणका दिला की टोपली सुटली, वाळूची बाटली सरसर वर गेली, आणि टोपली माझ्या छातीवर येऊन आदळली.

आत एक कागद नव्हता, पंधरा होते, नेमके क्षमतेइतके. हॉस्पिटलात खाटेच्या पायथ्याशी लटकवतात तसले रकान्यांचे तक्ते, मागच्या कोऱ्या बाजूनं वापरलेले, बारीक उभ्या अक्षरात. मी टॉवेल गुंडाळून स्टुलावर बसून वाचले. ‘दुसरा मजला. वाचन १०.०५ ते १०.२०. आवाज बसलेला. बाईंच्या बोटांविषयी.’ ‘वाचन १०.१०. बादली उतरवली, नळ बंद केला, आता नीट ऐकू येतं.’ ‘वाचन १०.०३. पाचव्या वाक्याला हसले. स्वतःच.’ ‘वाचन नाही.’ ‘वाचन नाही. दार वाजवावं का?’ ‘वाचन १०.१५. खोकला. मामाच्या मिशीचं काय झालं ते सांगितलं नाही.’ असे महिनेच्या महिने. ज्या सकाळी मला वाटत होतं की मी फरशीला वाचून दाखवतोय त्या प्रत्येक सकाळी वर एक बाई, रात्रभर दुसऱ्यांची नाडी धरून आलेली, नळ बंद करून उभी होती. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: ‘मध्येच थांबले. न राहवून मी “मग?” म्हणाले. काहीतरी पाण्यात पडल्याचा आवाज. चूक माझी.’ ‘वाचन नाही.’ ‘वाचन नाही. जिन्यात दिसले, चालणं ठीक.’ ‘वाचन नाही. तिसरा दिवस.’ आणि सगळ्यात खाली: ‘शेवट चार वेळा ऐकला. चारही वेगळे. खरा: नोंद नाही.’

त्या निळ्या पाण्यानं मी पेन भरलं आणि त्यानंच पुढचं लिहिलं, असं मी उद्या कुणाला तरी सांगेन, आणि ते ऐकायला चांगलं लागेल. पण ते पाणी मी त्याच दिवशी मोरीत ओतलं. पंधरा दिवसांत त्याला वास यायला लागला होता, आणि तिला वास मुळीच चालायचा नाही. बादली घासून उपडी ठेवली. मुलीला फोन करून म्हटलं, मंडळ मिळालं. ती म्हणाली, कुठं भरतं? मी म्हटलं, बाथरूममध्ये. ती म्हणाली, “बाबा, खरं सांगा.” दुसऱ्या दिवशी नवी वही कठड्यावर ठेवली, यावेळी कठड्याला चार इंचांची पट्टी ठोकून घेतली, कारण मी कारागीर आहे आणि एकच अपघात दोनदा होऊ देत नाही. दहा वाजले. मी घसा साफ केला आणि वाचलं, “लिफ्ट दहा मिनिटांतच सुरू झाली होती.”

“कुठली, काका?” खालून आवाज आला. “पहिली की शेवटची?”

“दोन्ही,” मी म्हटलं.

वर, चौथ्या मजल्यावर, बादली दाणकन खाली ठेवल्याचा आवाज झाला, आणि नळ बंद झाला.